गाई उलटतात, शेळ्या गाभडतात : फवारणी, पाणी आणि चारा यांचा जनावरांच्या प्रजननाशी संबंध किती?

दारव्हा_गोठा

आमच्या भागात, म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात, गेल्या काही हंगामांपासून एकच तक्रार कोठ्याकोठ्यांतून ऐकू येते. गाई-म्हशी माजावर येतात, कृत्रिम रेतन होते किंवा गावच्या सांडाकडून भरवून आणल्या जातात, पण गाभ धरत नाहीत. दोन-तीनदा उलटल्या, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर आल्या, की मालक कंटाळून त्यांना बाजार दाखवतो. शेळ्या गाभडण्याचे, म्हणजे गर्भ पडण्याचे, प्रमाण वाढल्याचे गायकी सांगतात. पारावर या सगळ्याचे खापर सरसकट फवारणीवर फोडले जाते, आणि २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले असल्यामुळे त्या म्हणण्याला कोणी आडवेही जात नाही. परंतु माणूस तडकाफडकी दगावणे आणि गाय गाभण न राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरी सिद्ध होते असे मला वाटत नाही.

मी जे पाहतो ते लिहितो. कापसाच्या हंगामात पंपासाठीचे पाणी गुरांच्या हौदातूनच घेतले जाते. औषधाच्या बाटलीचे झाकण हेच माप. पंप भरून झाला की ते झाकण त्याच हौदात बुचकळून काढतात, त्याची दुधाळ रेघ पाण्यात पसरत जाते, आणि संध्याकाळी गुरे त्यातच तोंड घालतात. वेचणी संपल्यावर उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, जनावरे सोडण्याची पद्धत तर सगळीकडेच आहे. माझे विचारणे इतकेच आहे की, अशा थोड्याथोड्या मात्रेचा प्रजननावर खरोखर परिणाम होतो का, होत असेल तर तो ओळखायचा कसा, आणि बंदोबस्त आधी कशाचा करायचा?

पशुवैद्य_अमरावती

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तर थोडे लांबवतो. मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो आहे. नोकरीची बहुतेक वर्षे अमरावती आणि वाशीम जिल्ह्यांत गेली.

विषाचा संशय घेण्याआधी जी कारणे आपल्या गोठ्यांत हमखास सापडतात, ती बाजूला काढावी लागतात. सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिस, स्फुरद, तांबे व जस्त यांची तूट, न दिसलेला मुका माज, अवेळी झालेले रेतन आणि आपला उन्हाळा ही ती कारणे आहेत. सोयाबीन-तुरीच्या कुटारावर दिवस काढणाऱ्या गाईला स्फुरद पुरेसे मिळत नाही, आणि मे महिन्यात ४५ अंशांवर तापलेल्या टिनाच्या छपराखाली उभ्या असलेल्या जनावराचे बीजांड काय किंवा सांडाचे वीर्य काय, दोन्ही नासतात. मात्र उलट टोकालाही जाऊ नये. 'खनिज मिश्रण द्या' एवढी चिठ्ठी लिहून मोकळे होण्याची सवय आमच्या व्यवसायाला जडलेली आहे, आणि तिच्यामुळे हौदातल्या त्या दुधाळ रेघेकडे कोणी वळून पाहत नाही.

ओळखायचे कसे, याचे पहिले साधन म्हणजे तारीख. गाय भरवल्यापासून बरोबर २१ दिवसांच्या आसपास पुन्हा माजावर आली, तर एकतर बीज फळलेच नाही किंवा गर्भ सोळा-सतरा दिवसांचा होण्याआधीच मेला. कारण त्या सुमारास गर्भ आपल्या अस्तित्वाची खूण गर्भाशयाला देतो आणि माजाचे चक्र थांबवतो. ती ३५ ते ४५ दिवसांनी, म्हणजे अवेळी उलटली, तर गर्भ ठरला होता आणि नंतर गेला, असे धरावे. सहाव्या-सातव्या महिन्यात किंवा त्यानंतर गाभडली आणि जार अडकला, तर संशय आधी ब्रुसेलावर घ्यावा, फवारणीवर नव्हे.

दुसरे साधन म्हणजे वीर्य कोणाचे होते, ही नोंद. कृत्रिम रेतनाच्या, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या, कांड्या दूरच्या वळू केंद्रातून येतात आणि त्या वळूने आपल्या गावचे पाणी कधी चाखलेले नसते. म्हणून रेतन केलेल्या आणि सांडाकडून भरवलेल्या दोन्ही प्रकारच्या गाई सारख्याच उलटत असतील, तर दोष मादीकडे, म्हणजे तिच्या चाऱ्यात, पाण्यात, आजारात किंवा उष्णतेत शोधावा. फक्त सांडाकडच्याच उलटत असतील, तर आधी सांड तपासावा. (रेतन करणाऱ्याचा हात कच्चा असेल किंवा कांड्यांच्या पिंपातला द्रवरूप नायट्रोजन संपलेला असेल, तर हे गणित चुकते, तेवढे पाहून घ्यावे.)

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते सारी मेख तिथेच आहे. वळूच्या वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात आणि तो बाहेर पडण्याजोगा व्हायला आणखी दहा-बारा दिवस जातात. गाईच्या बीजांडाची वाढही माजाच्या दोन-तीन महिने आधीपासून चाललेली असते. याचा अर्थ असा की, कार्तिकात उलटलेल्या गाईचे कारण कार्तिकात शोधून सापडत नाही; ते श्रावण-भाद्रपदात शोधावे लागते, आणि कापसावरील फवारणीचा जोर नेमका तेव्हाच असतो. म्हशींचा माजाचा हंगाम पावसाळा सरता सरता सुरू होऊन हिवाळाभर चालतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही सांगड अधिकच घट्ट बसते. परंतु दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. श्रावणात उलटलेल्या गाईच्या मागे हेच गणित मांडले, तर ते वैशाख-ज्येष्ठातल्या उन्हाकडे जाते.

राहिला प्रश्न औषधांचा. सेंद्रिय क्लोरीनवर्गातील जुनी औषधे, म्हणजे डीडीटी, एंडोसल्फान वगैरे, चरबीत साठतात, दुधातून वासरात उतरतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. डीडीटीचा शेतीतील वापर आपल्याकडे १९८९ मध्ये बंद झाला आणि एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. आज कापसावर जी औषधे पडतात, त्यांतील प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसवर्गातील औषधे त्या मानाने लवकर विघटित होतात आणि शरीरात साठून राहत नाहीत. त्यामुळे ती एकदा पोटात जाण्यापेक्षा हंगामभर वारंवार जात राहणे हा खरा धोका आहे. प्रयोगशाळेतील उंदरांना अशी औषधे बराच काळ दिल्यावर शुक्राणूंची संख्या व चपळता घटल्याचे आणि वृषणातील पेशींची झीज झाल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आपल्या गोठ्यातील गाईला त्या उंदरांइतकी मात्रा मिळते का, हे मात्र हौद आणि चारा पाहूनच सांगता येईल.

खारपाणपट्टा

डॉक्टरसाहेबांचे विवेचन पटले, पण पूर्वपक्ष कोणीतरी मांडायला हवा. मी दर्यापूरकडचा. आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचे पाणीच इतके खारे आहे की जनावराला ते पाजावे की नाही हा प्रश्न फवारणीच्या आधीपासूनचा आहे. माझ्या आजोबांच्या काळी औषधाची बाटली गावात आलेली नव्हती, तरी गाई उलटत होत्या आणि भाकड राहत होत्या. विषाचे सारे गणित मात्रेवर असते. झाकणभर औषध हौदभर पाण्यात मिसळल्यावर उरते किती? एवढ्या विरळ मात्रेने गाय मरत नाही, कण्हत नाही, दूधही कमी देत नाही, आणि नेमका गर्भच तेवढा ठरत नाही, हे मानायला मन तयार होत नाही. इतक्या कमी मात्रेत असे घडल्याचा पुरावा असल्यास तो कोणीतरी येथे मांडावा.

शाळामास्तर_गोंदिया

पुरावा आहे, आणि तो गोठ्यापेक्षा रानातल्या व पाण्यातल्या जिवांत अधिक स्वच्छ दिसतो, कारण तेथे पशुवैद्य नसतो, खनिज मिश्रण नसते आणि निसर्गाचा हिशेब थेट लागतो.

मात्रेचा मुद्दा सर्वसाधारण विषांना लागू पडतो, पण संप्रेरकांना (हार्मोन्सना) तो जसाच्या तसा लावता येत नाही. शरीरातील संप्रेरके मुळातच इतक्या अल्प प्रमाणात काम करतात की त्यांची नक्कल करणारा किंवा त्यांची वाट अडवणारा पदार्थही तितकाच अल्प पुरतो. कॅनडात एका सबंध तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचे संप्रेरक, मुद्दाम सोडण्यात आले. प्रमाण होते लिटरमागे पाच ते सहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे शंभर कोटी भाग करून त्यांतील पाच-सहा. त्या तळ्यातील एका लहान जातीच्या माशांच्या नरांमध्ये अंड्यातील बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले, वृषणांत बीजांडे दिसू लागली आणि काही वर्षांत ती जात त्या तळ्यातून नाहीशी होण्याच्या बेतात आली. मासे विषाने मेले नाहीत, त्यांना पिल्ले होईनाशी झाली. इस्ट्रोजेन सोडणे थांबवल्यावर पुढे त्यांची संख्या सावरली.

दुसरे उदाहरण अमेरिकेच्या फ्लोरिडातील अपॉपका सरोवराचे. त्याच्या काठच्या एका रसायन कारखान्यातून १९८० साली डायकोफॉल आणि डीडीटी पाण्यात गेले. डायकोफॉल हे डीडीटीपासूनच बनवलेले कोळीनाशक असून आपल्याकडेही अलीकडच्या काळापर्यंत ते सर्रास वापरले जात असे. पुढे लुई गिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथील मगरवर्गीय ॲलिगेटरांमध्ये अंडी कमी फुटणे, तरुण नरांत टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक अत्यल्प असणे, त्यांचे लिंग खुरटे राहणे आणि माद्यांच्या बीजकोशांत विकृती असणे, असे सगळे आढळले. पाण्याच्या नमुन्यांत विषाचे प्रमाण अगदी नगण्य भरले, तरी अंड्यांच्या बलकात मात्र ते सापडत होते.

डीडीटीचे तिसरे रूप पक्ष्यांत दिसले. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये संग्रहालयांतील जुनी अंडी आणि नवी अंडी ताडून दाखवले की बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ झाली आहेत. डीडीटीचे शरीरात जे रूपांतर होते, ते कवचग्रंथीत कॅल्शियम पोचू देत नाही, आणि मादी उबवायला बसली की अंडे तिच्याच वजनाने फुटते. येथे विष मादीला काहीच करत नाही. ती धडधाकट असते, घरटे बांधते, अंडी घालते. म्हणून 'गाय कण्हत नाही' हा निर्दोषपणाचा पुरावा धरता येत नाही. आमच्या गोंदियात महाराष्ट्रातील उरलेसुरले सारस क्रौंच धानाच्या बांध्यांत घरटी करतात आणि एका वेळी बहुधा दोनच अंडी घालतात. अशा पक्ष्याच्या बाबतीत एकेका अंड्याची किंमत किती आहे हे वेगळे सांगायला नको.

अजून एक दाखला माणसाच्या उंबऱ्यातला आहे. ब्रिटनमधील पैदाशीच्या कुत्र्यांच्या वीर्याची सव्वीस वर्षांची तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. शुक्राणूंची चपळता त्या काळात सतत घटत गेली होती, आणि वृषणांच्या ऊतींत तसेच कुत्र्यांच्या विकतच्या खाद्यातही प्लास्टिक मऊ करणारी थॅलेटवर्गातील रसायने व पीसीबी ही कारखान्यांतील टिकाऊ क्लोरीनयुक्त रसायने सापडली. आपली गुरे उकिरड्यावर जे प्लास्टिक चघळतात, त्याच्याकडे पोट फुगण्यापलीकडेही पाहण्याची गरज आहे, असे मला यावरून वाटते.

अमेरिकेतील टायरोन हेज यांनी ॲट्राझिन या तणनाशकाने नर बेडकांत मादीची लक्षणे दिसतात असे २००२ मध्ये मांडले होते. त्यावर पुढे बरीच वादावादी झाली आणि काही प्रयोगशाळांना तसे निकाल मिळाले नाहीत, म्हणून मी त्याच्यावर वरच्या उदाहरणांइतका भार देत नाही.

खारपाणपट्टा

मास्तर, तळ्याचा प्रयोग मला माहीत नव्हता. मात्रेविषयीचे माझे म्हणणे संप्रेरकांसारख्या वागणाऱ्या रसायनांपुरते मागे घेतो. कापसावरचे प्रत्येक औषध त्या वर्गात मोडते, असे मात्र यावरून कोणी म्हणू नये.

पशुवैद्य_अमरावती

तसे कोणी म्हणूही नये. खारपाणपट्टा भाऊंची ही मर्यादा योग्य आहे.

अकोट_दुग्ध

सगळी चर्चा फवारणीभोवती फिरते आहे, म्हणून विचारतो. आमच्याकडे दुभत्या जनावराला सरकी ढेपेशिवाय खुराक ठाऊकच नाही, आणि दर उतरले की अख्खी सरकीही भिजवून घालतात. सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते आणि त्याने नर वांझ होतो, असे कृषी प्रदर्शनात ऐकले. हे खरे असेल, तर अर्ध्या विदर्भातील गुरे आतापर्यंत वांझ व्हायला हवी होती. त्यात तथ्य किती आणि भीती किती?

पशुवैद्य_अमरावती

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो, कारण वऱ्हाडात फवारणीइतकेच लक्ष ढेपेकडे द्यायला हवे.

गॉसिपॉल हे कपाशीचे स्वतःचे पिवळे रंगद्रव्य आहे. किडीपासून बचाव म्हणून झाड ते सरकीच्या गरातील बारीक काळ्या ग्रंथींत साठवते. चीनमध्ये कच्चे सरकी तेल खाणाऱ्या काही खेड्यांत मुले होईनाशी झाली, त्यातून ही गोष्ट उजेडात आली, आणि १९७० च्या दशकात तेथे हजारो पुरुषांवर त्याची गर्भनिरोधक म्हणून चाचणीही झाली. रक्तातील पोटॅशियम घसरणे आणि औषध थांबवल्यावरही काहींची प्रजननक्षमता परत न येणे, या कारणांनी तो नाद पुढे सोडावा लागला.

आता गुरांचे पाहू. मोकळे गॉसिपॉल घातक असते, आणि प्रथिनाशी बांधले गेलेले त्या मानाने निरुपद्रवी. एक्स्पेलरमध्ये, म्हणजे तेल काढण्याच्या दाबयंत्रात, सरकी दाबली जाते तेव्हा उष्णतेने बरेचसे गॉसिपॉल प्रथिनाशी बांधले जाते, त्यामुळे ढेपेत मोकळे गॉसिपॉल अख्ख्या सरकीपेक्षा कमी उरते. शिवाय रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटातील जंतू उरलेल्यातील पुष्कळसे बांधून टाकतात. म्हणून मोठ्या गाई-म्हशींना माफक ढेपेने अपाय होत नाही आणि मादीच्या गाभण राहण्यावर त्याचा परिणाम क्वचितच दिसतो. अर्धा विदर्भ वांझ का झाला नाही, याचे उत्तर येथे आहे.

नराचे तसे नाही. वळूला बराच काळ भरपूर सरकी मिळाली, तर शुक्राणूच्या मधल्या भागात, जेथे त्याला पळण्याची ताकद देणारी यंत्रणा असते, तेथे बिघाड होतो. शुक्राणूंची संख्या ठीक दिसते, पण ते वळवळतात आणि पुढे सरकत नाहीत. वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज हे कळत नाही, कारण सांडाचा जोम, उडी मारण्याची इच्छा आणि अंगकाठी यांत फरक पडत नाही. सरकी बंद केल्यावर सहसा काही आठवड्यांत ते सुधारू लागते, आणि ई जीवनसत्त्वाने काही प्रमाणात बचाव होतो, असे अमेरिकेतील वळूंवरील प्रयोगांत दिसले आहे. लहान वासरांचे मोठे पोट कामाला लागलेले नसते, म्हणून त्यांना अख्खी सरकी मुळीच घालू नये. त्यांच्या हृदयावर आघात होतो. पैदाशीसाठी राखलेल्या गोऱ्ह्याला ढेपेऐवजी जवस किंवा शेंगदाण्याची ढेप द्यावी.

ढेपेचा दुसरा धोका साठवणुकीतला आहे. पावसाळ्यात पोती ओलसर भिंतीला टेकून ठेवली की ढेपेच्या आत हिरवट-काळी बुरशी धरते. पापडी फोडून हुंगली की कुबट वास येतो. त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृत पोखरते, जनावराचा वकूब उतरवते आणि दुधात उतरते. दुधातील त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. मक्यावर वाढणाऱ्या फ्युजॅरियम बुरशीचे झिअरॅलेनोन हे विष तर इस्ट्रोजेनसारखेच वागते. डुकरांत त्याचा परिणाम सर्वांत तीव्र दिसतो आणि गाईंत तो सौम्य असतो. आपल्याकडे मुरघास आता घरोघरी होऊ लागला आहे, म्हणून सांगतो की बुरशी धरलेला थर गाईपुढे न टाकता सरळ खड्ड्यात पुरावा.

चाऱ्यातील असा प्रकार काही नवा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या मोठ्या संख्येने वांझ झाल्या, आणि त्या गवतातच इस्ट्रोजेनसारखा पदार्थ असल्याचे नंतर निघाले. तेव्हा विष कारखान्यातूनच यायला हवे असे नाही.

आर्वी_शेळीपालन

नमस्कार डॉक्टरकाका. मी बचत गटातून शेळ्या पाळते. आमच्या शेळ्या धुऱ्यावरच, म्हणजे शेताच्या बांधावरच, चरतात. आजकाल धुऱ्यावर तणनाशक मारण्याची पद्धत पडली आहे, आणि मला आश्चर्य याचे वाटते की इतर वेळी ज्या तणाला शेळी तोंड लावत नाही, तेच तण तणनाशक मारल्यानंतर मलूल झाले की ती अधाशासारखी खाते. त्यानंतर काही शेळ्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गाभडल्या. त्याच सुमारास बऱ्याच खंडानंतर पाऊस झाला होता आणि नव्याने फुटलेली ज्वारीही त्यांनी खाल्ली होती. दोष तणनाशकाचा धरावा की ज्वारीचा?

पशुवैद्य_अमरावती

ताई, तुमचे निरीक्षण अचूक आहे. २,४-डी सारख्या तणनाशकाने मरू लागलेल्या काही तणांत साखर आणि नायट्रेट दोन्ही वाढतात. साखरेमुळे ते गोड लागते आणि नायट्रेटमुळे घातक होते. खंडानंतरच्या पावसात आणि ढगाळ हवेत वाढलेल्या ज्वारीतही, विशेषतः युरिया भरपूर पडला असेल तर, धांड्याच्या बुडाशी नायट्रेट साठते. जनावराच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेते. मोठी शेळी तग धरते, पण पोटातले करडू गुदमरते, आणि काही दिवसांनी शेळी गाभडते. त्यामुळे येथे दोन्ही कारणे एकाच वाटेने आत शिरलेली असू शकतात. कोवळ्या ज्वारीतील दुसरे विष, म्हणजे सायनाइड, वाळवल्यावर बरेच कमी होते. नायट्रेट मात्र वाळवल्याने जात नाही, हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडील अनेक विहिरींच्या पाण्यातही नायट्रेट जास्त असते. माणसाच्या पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी आणि चारा या दोहोंची बेरीज जनावराच्या पोटात होते, म्हणून विहिरीचे पाणी एकदा तपासून घ्या.

तरीही तिसऱ्या-चौथ्या महिन्यातील गर्भपातात शेळ्यांचा ब्रुसेला आणि क्लॅमिडिया हे जंतू तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. एकामागून एक शेळ्या गाभडत गेल्या तर संसर्ग, आणि एकदम चार-दोन दिवसांत गाभडून प्रकार थांबला तर चारा, असा ढोबळ आडाखा बांधता येतो.

मामातलाव_साकोली

आमचा धंदा मासेमारीचा. मामा तलावांच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांच्या, पोटात आता लोक धान घेतात आणि त्या धानावर पडलेले औषध पहिल्या मोठ्या पावसात तलावात येते. मोठे मासे सहसा वाचतात, पण त्या सुमारास रोहू-कतल्याचे बोटुकले (बोटाएवढी पिल्ले) टाकले तर फार थोडे हाती लागते. गावठी मासळीची पिल्लेही पूर्वीसारखी दिसत नाहीत. मास्तरांनी सांगितलेला तळ्याचा प्रयोग वाचून एवढेच सुचवतो की जनावरांचा विचार करताना ज्या तलावावर गुरे पाण्याला जातात, त्यातील मासळीकडेही पाहावे. गाय उलटल्याचे कळायला महिने जातात, मासळीचे त्याच हंगामात कळते.

दारव्हा_गोठा

डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे गावातील गाई कोणत्या वीर्याने भरवल्या होत्या, याची विचारपूस केली. रेतन केलेल्या गाईंपैकी बऱ्याच गाभण आहेत. उलटलेल्यांत मोठा भरणा सांडाकडच्यांचा आहे आणि त्यांतील बहुतेक तीन आठवड्यांच्या अंतराने उलटल्या. आमचा सांड मोकाट आहे. लोक श्रद्धेने त्याला पायलीने सरकी घालतात आणि तो कोणाच्याही पऱ्हाटीत शिरतो. उन्हाळ्यात तो गावाबाहेरच्या उघड्या आखरावर उभा असतो. तेव्हा आता सरकी, फवारणी आणि ऊन या तिन्हींपैकी कोणाला धरावे? शिवाय ज्या दोन गाई सातव्या महिन्यात गाभडल्या, त्यांचे काय?

पशुवैद्य_अमरावती

तिन्हींपैकी एक निवडण्याची घाई करू नका. सांडाला बांधून ठेवा, सरकी पूर्ण बंद करा, सावली आणि स्वतंत्र, स्वच्छ पाणी द्या, आणि जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा सर्वचिकित्सालयात त्याचे वीर्य तपासून घ्या. मधल्या भागाचे दोष जास्त निघाले तर बोट सरकीकडे वळते, तथापि उष्णतेनेही शुक्राणूंत विकृती येतात. म्हणून अडीच महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. तोवर गावातील गाई कृत्रिम रेतनानेच भरवाव्यात. फवारणीचा ताजा संसर्ग पाहायचा असेल, तर रक्तातील कोलिनएस्टरेजची, म्हणजे सेंद्रिय फॉस्फरसवर्गातील औषधे ज्याचे काम अडवतात त्या विकराची, तपासणी होते, परंतु नमुना फवारणीच्या दिवसांतच घेऊन बर्फावर पाठवावा लागतो. उशिरा घेतलेल्या रक्तात ते स्पष्ट दिसेलच असे नाही. वीर्याच्या तपासणीतही ब्रुसेलाची चाचणी सांगून करून घ्या.

हौदाचा बंदोबस्त मात्र कोणत्याही अहवालाची वाट न पाहता आजच करता येतो. पंपासाठी पाण्याचे पिंप वेगळे ठेवावे, झाकण आणि पंप हौदापासून दूर धुवावेत, रिकाम्या बाटल्या भोके पाडून बाजूला ठेवाव्यात आणि त्यांत गुरांसाठी तेल किंवा औषध कधीही भरू नये. फवारलेल्या पऱ्हाटीत जनावर सोडण्याआधी शेवटच्या फवारणीची तारीख पाहावी आणि लेबलवर जेवढे दिवस थांबायला सांगितले आहे, किमान तेवढे थांबावे.

गाभडलेल्या दोन गाईंचे प्रकरण मी पूर्ण वेगळे धरतो. सातव्या महिन्याचा गर्भपात आणि अडकलेला जार यांत ब्रुसेलाची शक्यता मोठी असते, आणि तो माणसालाही लागतो. पुढच्या वेळी गर्भ आणि जार उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे घाला, नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवा आणि उरलेले चुना टाकून खोल पुरा. त्या गाईंचे दूध उकळल्याशिवाय कोणी पिऊ नये. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि वगारींना ब्रुसेलाची लस राष्ट्रीय कार्यक्रमातून २०१९ पासून मोफत दिली जाते. ती आयुष्यात एकदाच टोचायची असते, आणि नर वासरांना किंवा गाभण जनावरांना ती टोचत नाहीत.

आर्वी_शेळीपालन

काका, ही लस शेळ्यांनाही चालते का?

पशुवैद्य_अमरावती

नाही ताई. तो कार्यक्रम गाई-म्हशींच्या मादी वासरांपुरता आहे. शेळ्यांसाठी सध्या रक्ततपासणी करून बाधित शेळ्या कळपातून काढणे, नवी शेळी विकत आणल्यावर तपासणी होईपर्यंत ती वेगळी बांधणे आणि गाभडलेली शेळी इतरांपासून दूर ठेवणे, हेच करायचे. तपासणीला रक्त देताना धुऱ्यावर तणनाशक कोणत्या तारखेला मारले होते, तेही कागदावर लिहून द्या.